शिष्यांसाठी कर्जबाजारी झालेले पलुस्करबुवा

गाणे शिकवणारे गुरू महाराष्ट्रात अनेक झाले. गाणे शिकलेल्या मुलाने पुढे जगायचे कसे, या प्रश्नाला हात घालणारे मात्र फार थोडे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर हे त्यांतील अग्रणी. आज गावोगावी संगीत विद्यालये दिसतात, परीक्षा होतात, प्रमाणपत्रे मिळतात आणि संगीत शिक्षकाची नोकरी ही एक प्रतिष्ठेची नोकरी मानली जाते. हे सारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अस्तित्वात नव्हते. ते उभे करण्यासाठी या गायनाचार्याने आयुष्य वेचले, कर्ज काढले आणि अखेर आपली राहती संस्थाही गमावली. मात्र त्यांनी ज्या तरुणांना घडविले, त्यांनी गुरूचे काम पुढे पाऊणशे वर्षे चालविले.

दृष्टी गेली, गाणे मिळाले

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. कीर्तनकाराच्या घरात स्वर आणि ताल लहानपणापासूनच कानांवर पडत. तथापि मुलाने शिकावे आणि चार लोकांसारखे स्थिरस्थावर व्हावे, हीच त्या काळातील कोणत्याही मध्यमवर्गीय घराची अपेक्षा असे. एका अपघाताने ती अपेक्षा मोडीत काढली. फटाका तोंडाजवळ उडून बाल विष्णूचे डोळे दुखावले आणि दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तकी शिक्षणाचा मार्ग बंद झाला.

उपचारांसाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. डोळे पूर्ववत झाले नाहीत. मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणे शिकवावे, असा सल्ला मात्र मिळाला. मिरज संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी त्याच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था केली आणि ख्यालगायनाचे थोर आचार्य पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे तालीम सुरू झाली. संस्थानिकाचा हात पाठीवर नसता, तर कीर्तनकाराचा हा अधू दृष्टीचा मुलगा गायक होऊ शकला नसता. ही जाणीव विष्णू दिगंबरांच्या मनात खोलवर रुजली असली पाहिजे. कारण पुढे त्यांनी जी व्यवस्था उभारली तिच्या मुळाशी हाच प्रश्न होता : ज्याला संस्थानिक भेटला नाही, त्या मुलाचे काय?

बाळकृष्णबुवांचे स्वतःचे आयुष्य या प्रश्नाचे जिवंत उदाहरण होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या या गवयाने विद्येसाठी अपार वणवण केली होती. गुरूच्या घरी पाणी भरावे, पडेल ते काम करावे, गुरूची मर्जी असेल तेव्हा चार स्वर पदरात पाडून घ्यावेत, अशी ती शिक्षणाची रीत होती. त्यातून काही असामान्य गायक निर्माण झाले यात शंका नाही. पण जे मध्येच गळाले त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

मिरजेतील तो सल

विष्णू दिगंबरांनी मिरजेत दीर्घकाळ कसून मेहनत केली. बुवांच्या शिष्यांत त्यांचे नाव होऊ लागले. याच काळात एक प्रसंग घडला. गावातील एका मोठ्या समारंभाचे निमंत्रण दरबारच्या आश्रयामुळे त्यांना मिळाले. त्यांच्या गुरूंना मात्र ते नव्हते. चौकशी करता असे उत्तर मिळाले की ते तर गवई, त्यांना प्रतिष्ठितांच्या पंक्तीला बोलावण्याचे कारण काय! ज्यांच्या विद्येपुढे दरबार माना डोलावतो, त्यांना समाजात स्थान नाही, ही गोष्ट तरुण शिष्याच्या जिव्हारी लागली. संगीताला आणि संगीतकाराला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, या संकल्पाचे मूळ त्यांचे चरित्रकार या प्रसंगात शोधतात.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. हाती पैसा नव्हता, पाठीशी कोणी नव्हते. दृष्टी अधू असलेला, जेमतेम चोविशीचा हा तरुण काही गुरुबंधूंसह बडोद्याच्या दिशेने निघाला. बडोद्यात आणि सौराष्ट्रात त्यांच्या गाण्याचे कौतुक झाले. दरबारी नोकरी पत्करली असती, तर आयुष्य सुखात गेले असते. परंतु त्यांनी तो मार्ग नाकारला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात कोणाला काही वेगळे वाटणार नाही. त्या काळी मात्र अभिजात गाणे हे दरबारात, धनिकांच्या दिवाणखान्यात किंवा देवळात व्हायचे. पैसे मोजून कोणीही यावे आणि गाणे ऐकावे, ही कल्पनाच नवी होती. गवयाचा पोशिंदा एक राजा न राहता शेकडो सामान्य श्रोते होऊ शकतात, हे त्या तिकिटाने दाखवून दिले. पुढे त्यांनी शिष्यांसाठी जी वाट आखली, तिची ही सुरुवात म्हणता येईल.

गिरनारच्या परिसरात भेटलेल्या एका साधूने त्यांना उत्तरेकडे जाण्यास सांगितले, अशी कथा आहे. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी भ्रमंती करीत, मथुरेत ब्रजभाषेचा आणि ध्रुपदाचा अभ्यास करीत ते पंजाबात पोहोचले.

लाहोरचे विद्यालय

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. मराठी मुलखातील हा गवई, प्रांत परका, भाषा परकी. त्यातच गाणे म्हणजे बैठकीतले, भल्या घरच्या मुलांनी त्यापासून दूर राहावे, अशी सर्वत्र समजूत. साहजिकच आरंभीच्या दिवसांत विद्यालयाकडे कोणी फिरकले नाही. विष्णू दिगंबर मात्र ठरलेल्या वेळी विद्यालयात येऊन बसत, तंबोरा जुळवीत आणि रियाज करीत. हळूहळू शहरातील प्रतिष्ठित मंडळींचे लक्ष गेले आणि मुले येऊ लागली.

या विद्यालयाचे वेगळेपण त्याच्या रचनेत होते. अभ्यासक्रम ठरलेला, वर्गांच्या वेळा ठरलेल्या, परीक्षा ठरलेल्या. गाणे लिहून ठेवता यावे म्हणून विष्णू दिगंबरांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. क्रमिक पुस्तके लिहिली, ती छापण्यासाठी छापखाना काढला, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालविले. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग सुरू केले. दिवसाच्या वर्गांना येणारी मुले फी भरून हौसेने शिकत. त्यांतून जाणता श्रोता घडावा, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. प्रत्येक विद्यार्थी तानसेन होणार नाही, पण चांगला कानसेन झाला तरी संगीत जगेल, हे त्यांनी ओळखले होते. तरुण गायकाला उद्या श्रोताच मिळाला नाही, तर त्याची तालीम काय कामाची?

पण संस्थेचा खरा कणा होता तो ‘उपदेशक वर्ग’. संगीत हाच ज्यांना आयुष्याचा व्यवसाय करायचा आहे, अशा होतकरू मुलांसाठी हा निवासी वर्ग होता. त्यांच्या पालकांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेतला जाई. या काळात मुलाचे राहणे, जेवण, कपडे आणि शिक्षण यांचा सारा भार संस्थेवर. फी एक पैसाही नाही. मुलाने मध्येच शिक्षण सोडू नये, एवढीच त्या बदल्यात अट. यांतील बहुतेक मुले महाराष्ट्रातील गरीब घरांतून आलेली होती. घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेल्या मुलाला नऊ वर्षे निश्चिंतपणे स्वरसाधना करता येणे, ही त्या काळात क्रांतिकारक गोष्ट होती.

दिवस पहाटेच्या रियाजाने सुरू होई. शिस्त कडक, गुरूंचा धाक मोठा. मुलांना केवळ गाणेच शिकविले जाई असे नव्हे. वादन, स्वरलेखन, वर्ग कसा घ्यावा, सभेत कसे उभे राहावे, पोशाख कसा असावा, बोलावे कसे, याचीही तालीम असे. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्या वर्गांना शिकवीत. गुरूंच्या दौऱ्यांत साथीला बसत, हजारोंच्या समुदायापुढे गात. नऊ वर्षांनी बाहेर पडणाऱ्या तरुणाजवळ गळ्याबरोबरच अनुभव आणि आत्मविश्वास असे. शिवाय हाती कामही असे. नव्या शाखेचा मुख्याध्यापक, एखाद्या शहरातील संगीत शिक्षक किंवा मैफलीचा गायक, यांपैकी कोणता ना कोणता मार्ग त्याच्यापुढे मोकळा असे.

मुंबई : वैभव आणि लिलाव

१९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू झाले आणि कार्याचे केंद्र लाहोरहून मुंबईला आले. विद्यार्थ्यांची संख्या भराभर वाढली. उपदेशक वर्गातील मुलांसाठी वसतिगृह हवे होते, वर्गांसाठी खोल्या हव्या होत्या. सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची भव्य इमारत उभी राहिली. वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्तीचा कारखाना, छापखाना, वसतिगृह, सभागृह अशा अनेक अंगांनी ते एक छोटे नगरच झाले. पदवीदानाचे समारंभ होऊ लागले, संगीत परिषदा भरू लागल्या. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान विष्णू दिगंबरांकडे असे. ‘रघुपति राघव’ ही रामधून घरोघरी पोहोचविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्या गवयाला पंक्तीला बोलावीत नव्हते, त्याच्याच शिष्याला आता राष्ट्रीय सभा व्यासपीठावर सन्मानाने बोलावीत होती.

या वैभवाची दुसरी बाजू हिशेबाच्या वह्यांत होती. इमारतीसाठी मोठे कर्ज काढलेले होते. उपदेशक वर्ग विनामूल्य असल्याने मुले वाढतील तसा खर्च वाढत होता. उत्पन्नाचे मुख्य साधन म्हणजे विष्णू दिगंबरांचा गळा. ते देशभर दौरे करीत, मैफली करीत, देणग्या जमवीत आणि आलेला पैसा संस्थेत ओतीत. कर्ज मात्र हटत नव्हते. मोफत वर्ग बंद करून, वसतिगृहातील मुले घरी पाठवून खर्च आटोक्यात आणता आला असता. ते त्यांनी केले नाही. दरम्यान त्यांचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळले होते. १९२२ मध्ये त्यांनी नाशिक येथे रामनाम आधाराश्रम स्थापन केला. संस्थेच्या व्यवहाराकडे पूर्वीसारखे लक्ष राहिले नाही. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनी जप्ती आणली आणि सँडहर्स्ट रोडवरील इमारतीचा लिलाव झाला.

घरातील दुःखही कमी नव्हते. त्यांची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती. उतारवयात झालेला दत्तात्रय हा एकटा मुलगा वाचला. संस्था गेली, प्रकृती ढासळली. काही शिष्यांसह नाशिकच्या आश्रमात रामायणाचे प्रवचन आणि भजन यांत त्यांनी उरलेला काळ घालविला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जेथून ते रिकाम्या हाताने निघाले होते त्या मिरजेतच, त्यांचे निधन झाले. वय ५९ वर्षे.

शिष्यांची मांदियाळी

इमारतीचा लिलाव झाला, तेव्हा अनेकांना विष्णू दिगंबरांचे कार्य संपले असे वाटले असेल. प्रत्यक्षात ते तोपर्यंत देशभर पसरले होते.

गुजरातमधील एका अत्यंत गरीब घरातील मुलगा एका पारशी गृहस्थाच्या मदतीने मुंबईच्या विद्यालयात दाखल झाला होता. विष्णू दिगंबरांनी त्याला घडविले आणि वयाच्या विशीच्या आसपासच लाहोर शाखेची सूत्रे त्याच्या हाती दिली. तो मुलगा म्हणजे पंडित ओंकारनाथ ठाकूर. इतक्या लहान वयात इतकी मोठी जबाबदारी टाकण्यात धोका होता. पण तरुणावर विश्वास टाकल्याशिवाय तो उभा राहत नाही, हे गुरूंना ठाऊक होते. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची उभारणी याच शिष्याने केली.

मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहान वयात लाहोरला गुरूंकडे गेले, आणि त्यांच्याही शिक्षणाला हातभार लावला तो मिरजेच्या बाळासाहेबांनीच. विनायकरावांनी काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत गायक नट म्हणून गाजविली आणि १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. कोल्हापूरच्या व्यासबंधूंपैकी नारायणराव ध्वनिमुद्रिकांमुळे घराघरांत पोहोचले, तर शंकररावांनी चित्रपटसंगीतात नाव कमावले. ‘रामराज्य’ या १९४३ च्या गाजलेल्या चित्रपटाचे संगीत त्यांचेच. नारायण मोरेश्वर खरे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात गेले, आश्रमाची भजने त्यांनी स्वरबद्ध केली आणि १९३० च्या दांडी यात्रेत ते सामील झाले. शंकरराव बोडस कानपूरला गेले आणि हिंदी प्रदेशातील त्या औद्योगिक नगरात त्यांनी संगीताचे वर्ग चालविले.

प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीत विद्यालय काढले. काही वर्षांनी त्यांच्याकडे कर्नाटकातून एक विलक्षण मुलगा आला. देवधरांनी त्याला आपल्याजवळ ठेवून शिकविले, निरनिराळ्या घराण्यांचे गाणे मोकळ्या मनाने ऐकण्याची सवय लावली. त्या मुलाला जग कुमार गंधर्व म्हणून ओळखते. गुरूने आपल्यासाठी जे केले ते आपण पुढच्यासाठी करायचे, हा उपदेशक वर्गाचा अलिखित धडा या उदाहरणात स्पष्ट दिसतो.

गायक, शिक्षक, नट, संगीत दिग्दर्शक, आश्रमवासी, लेखक... एकाच गुरूच्या शिष्यांनी किती वेगवेगळ्या वाटा धरल्या, हे पाहण्यासारखे आहे. मैफलीचा गवई एवढीच एक ओळख गायकासमोर असण्याचा काळ या पिढीने मागे टाकला.

टीका आणि श्रेय

विष्णू दिगंबरांच्या कार्यावर टीकाही झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. वर्गात बसवून कलावंत घडत नाही, असे जुन्या घराण्यांतील गायकांचे म्हणणे होते. त्यांची स्वरलेखन पद्धती क्लिष्ट होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची सुटसुटीत पद्धती पुढे अधिक रूढ झाली. शृंगारिक बंदिशींच्या जागी भक्तीची पदे घालून त्यांनी संगीताला सोवळे केले, असाही आक्षेप घेतला जातो. संगीताला भल्या घरात नेण्याच्या या खटाटोपात, ज्या मुस्लिम उस्तादांनी आणि गाणाऱ्या स्त्रियांनी ही विद्या शतकानुशतके जपली ते बाजूला पडले, याकडे अलीकडच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँची परंपराच बाळकृष्णबुवांच्या गळ्यातून विष्णू दिगंबरांकडे आली होती, हे लक्षात घेता हा आक्षेप अधिक बोचरा ठरतो.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. गुणी तरुण मागे पडतो तो केवळ गुण कमी पडल्याने नव्हे. निवारा, अन्न, मार्गदर्शक आणि पुढचे काम यांपैकी काहीतरी नसल्यामुळे तो मागे पडतो. हे निदान विष्णू दिगंबरांनी केले आणि या चारही गोष्टी एका छताखाली आणल्या. उत्तेजनार्थ एखादे बक्षीस किंवा शाल देऊन ते थांबले नाहीत. मुलाची नऊ वर्षांची जबाबदारी त्यांनी घेतली. आजही तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर होतात. पण त्या संपल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर क्वचितच कोणाजवळ असते. पलुस्करबुवांनी ते उत्तर आधी तयार ठेवले आणि मग मुले स्वीकारली. त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली.

निधनानंतर काही महिन्यांतच, १९३१ च्या अखेरीस, शिष्य अहमदाबादेत एकत्र आले आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. या मंडळाच्या परीक्षांना पुढे देशभरातून विद्यार्थी बसू लागले. एका इमारतीत सुरू झालेले काम इमारतीविना शेकडो गावांत पोहोचले. १९७३ मध्ये भारतीय टपाल खात्याने विष्णू दिगंबरांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

गुरू गेले तेव्हा मुलगा दत्तात्रय अवघ्या दहा वर्षांचा होता. घरात संपत्ती नव्हती, संस्था उरली नव्हती. वडिलांनी इतरांच्या मुलांसाठी जे केले, ते आता शिष्यांनी त्यांच्या मुलासाठी केले. चुलतबंधू चिंतामणराव पलुस्कर, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला शिकविले, सांभाळले. १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात त्याने पहिली मोठी मैफल जिंकली. पुढे पंडित द. वि. पलुस्कर या नावाने तो ग्वाल्हेर गायकीचा लाडका गायक झाला. १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी काळाने त्याला ओढून नेले, तरी त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही आवडीने ऐकल्या जातात. विष्णू दिगंबरांनी काढलेले सावकाराचे कर्ज इमारत विकून फिटले. त्यांनी शिष्यांवर केलेले ऋण अशा रीतीने त्यांच्या घरी परत आले.